हलगी आणि हात

छंद म्हटला की आपल्यापुढे तिकिटे जमवणारा, सतार छेडणारा, पोटाची ददात नसलेला माणूस उभा राहतो. म्हणून आमचे कार्यकर्ते मित्र या शब्दाला हसतात. ज्याला भाकरीची भ्रांत, त्याला कसला आलाय छंद? प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु आवड ही भरल्या पोटाचीच मिरास आहे, हे त्यात आपण नकळत मान्य करून टाकतो. मला ते मान्य नाही.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण होऊ न शकलेले भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यातला विचार आपण सभांतून नेहमी सांगतो. त्याला लागूनच आलेला मुद्दा मात्र क्वचित सांगतो. या विभागणीत माणसाचा कल, त्याची आवड यांना जागाच नाही. आणि ज्या कामात ना मन असते ना बुद्धी, ते काम माणूस टाळूच पाहतो, असे बाबासाहेब दाखवतात. म्हणजे आवड हा चैनीचा नव्हे, स्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

हे मला पुस्तकाआधी घरात दिसले होते. हलगी वाजवणे हे आमच्या घराकडचे काम. लग्न, जत्रा, मयत. बोलावणे आले की वडिलांनी निघायचे. रात्री मात्र ते जाळावर कातडे शेकत आणि बोटांनी हलक्या हाताने काही चाली वाजवीत. त्या गावाने कधी ऐकल्या नाहीत. हलगी तीच, हात तेच. पण दिवसाची हलगी गावाची होती, रात्रीची त्यांची.

पुढे वडिलांनी गावकीची कामे सोडली. गावाने दुकान आणि गिरणी बंद केली. हलगी खुंटीला गेली, ती गेलीच. गुलामी टाकताना त्यांना आवडही टाकावी लागली. हा तोटा आपल्या हिशेबात कुठेच धरलेला नाही.

मी शिक्षक झाल्यावर ती हलगी उतरवली. वडील चार दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "जिच्यापायी उपाशी राह्यलो, तीच घेऊन बसलास?" मी म्हणालो, "आबा, बोलावणं आलं म्हणून नाही वाजवत." ते गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी लांबूनच म्हणाले, "कातडं आधी शेक. गारठलंय ते."

आज रोज संध्याकाळी तासभर वस्तीतली मुले-मुली माझ्याकडे बसतात. या एका तासाने माझा सगळा दिवस बांधला आहे. त्याच्यासाठी वह्या वेळेत तपासून होतात, चावडीवरच्या रिकाम्या गप्पा सुटल्या. मुलांना ठेका चुकलेला स्वतःच्या कानाने कळतो आणि तो स्वतःच्या हाताने सुधारतो. आपल्या हातात काही आहे, हा अनुभव आमच्या मुलांना दुसरीकडे सहसा मिळत नाही.

वेळ नाही म्हणणाऱ्यांनी अण्णाभाऊ साठे आठवावेत. वाटेगावच्या शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले. मुंबईत मजुरी करता करता दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे शिकले आणि १९५९ साली 'फकिरा' देऊन गेले. मोकळा वेळ त्यांना कोणी दिला नव्हता. लिहिण्याच्या ओढीने तो त्यांनी काढला.

मात्र प्रत्येक आवड मोकळी करणारी असते असे नाही. परंपरागत कला म्हणून पाठ थोपटत जुनीच वेठ पुन्हा गळ्यात घालणारे आज पुष्कळ आहेत. तेव्हा आपल्या आवडीला एकच प्रश्न विचारावा : हे काम मला नाकारता येते काय? गेल्या जत्रेला आम्हाला बोलावणे आले. मुलांनी आपसात बसून ठरवले आणि नाही म्हणून कळवले. त्या संध्याकाळी वस्तीत हलगी वाजली. वडील ओट्यावर बसून ऐकत होते.