मेन पाडण्याआधी

मे महिना, दुपारचे अडीच. सीताबर्डीत मुंजे चौकाजवळच्या एका पाच मजली व्यापारी संकुलाच्या मीटर रूममध्ये आम्ही चौघं उभे आहोत. तपासणीला आलेल्या इंजिनीअर मॅडम, पन्नाशीतले वायरमन काका, इमारतीचे सेक्रेटरी आणि मी. बाहेर ऊन असं तापलंय की रस्त्यावर माणूस दिसत नाही. मॅडमनी हीच वेळ मागून घेतली आहे. गिऱ्हाईक कमी आणि सगळ्या मजल्यांवरचे एसी जोरात, म्हणजे लोड भरपूर. आधी चालू पॅनेल तपासायचं, मग तासभर मेन पाडून बाकीचं.

काका रबरी मॅटवर उभे राहून, हातमोजे घालून पॅनेलचं दार उघडतात. मॅडम थर्मल कॅमेरा धरतात. "लोड नसला तर हा कॅमेरा काहीच दाखवत नाही. जोड तापायला करंट लागतो," त्या मला सांगतात. पडद्यावर बसबार जांभळट दिसतोय. तिसऱ्या मजल्याकडे जाणाऱ्या तीन केबलींपैकी मधल्या, पिवळ्या फेजचं टोक मात्र पांढरंशुभ्र. तिथं ९४ अंश, शेजारी ५२ आणि ५४.

"त्या फेजवर लोड जास्त असंल," सेक्रेटरी म्हणतात.

काका टाँग टेस्टर एकेका केबलीभोवती अडकवतात. लाल ८२ अँपिअर, पिवळा ७९, निळा ८५. पिवळ्यावर तर सर्वांत कमी. म्हणजे खोट लोडची नाही, जोडाची.

मग काका तोच टेस्टर न्यूट्रलवर लावतात आणि मॅडम दोनदा आकडा बघतात: ६१. तिन्ही फेजवर जवळपास सारखा करंट असला की तो न्यूट्रलवर एकमेकांना खोडून टाकतो, तिथं फार थोडा उरायला हवा. पण एलईडी दिवे, कॉम्प्युटर, चार्जर करंट सलग घेत नाहीत, ठोक्याठोक्यानं ओढतात. त्यातला तिपटीच्या वारंवारतेचा भाग खोडला जात नाही, न्यूट्रलवर साठत जातो. इथली न्यूट्रल फेजच्या निम्म्या जाडीची आहे. ट्यूबलाईट आणि पंख्यांच्या काळात ती चालून गेली असेल. आता दुकानं तीच, पण त्यांतली यंत्रं बदलली आणि केबल जुनीच राहिली.

जिन्यालगतची डक्ट पटकन बघून होते. १५ मीटरहून उंच इमारतीत विजेच्या डक्टमधून दुसऱ्या कशाच्या वायरी न्यायच्या नाहीत आणि प्रत्येक मजल्याला आग अडवणारा अडथळा हवा, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम सांगतात. ही इमारत त्यात मोडते. इथं इंटरनेटच्या वायरी ओढायला प्रत्येक मजल्याच्या अडथळ्यात भोकं पाडली आहेत. खालून टॉर्च मारला की उजेड थेट वर पोचतो. धूरही असाच पोचेल.

आता मेन पाडायची. इथपर्यंत यंत्रांचं काम होतं, पुढं माणसांची मनधरणी.

"मॅडम, गिऱ्हाईक बसून आहे, अन् तुम्ही लाईन बंद करून राहिले?" साडीच्या दुकानाचे मालक जिन्यातच गाठतात. दुसऱ्या मजल्यावर पॅथॉलॉजी लॅब आहे, फ्रिजमध्ये नमुने आहेत. तिथल्या डॉक्टर बाईंना मात्र काही समजावून सांगावं लागत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. भंडारा इथून साठेक किलोमीटरवर. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. "फ्रिजचं दार तासभर उघडणार नाही आम्ही. तुम्ही करा," त्या म्हणतात. चौथ्या मजल्यावरचे क्लासवाले ऐकतच नाहीत. मुलांची सराव परीक्षा कॉम्प्युटरवर चालू आहे, त्यांची लाईन तोडायची नाही. त्यांचा सप्लाय वेगळ्या मीटरवरून, वेगळ्या केबलीनं येतो, म्हणून तेवढा चालू ठेवून बाकीची मेन पाडता येते.

काका लिफ्ट तळमजल्यावर आणून दार उघडं ठेवतात, आत कोणी नाही ना ते बघतात. मग मागं जनरेटरकडे जातात. तो ऑटोवर आहे, मेन पाडताच स्वतःहून सुरू झाला असता आणि 'बंद' पॅनेलमध्ये वीज परत आली असती. त्याचा स्विच ऑफ, बॅटरीची वायर काढलेली. मग मेन पाडून तिला कुलूप, किल्ली काकांच्या खिशात. तरी हात लावत नाहीत. टेस्टर आधी चालू सॉकेटवर, मग बसबारवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या वेळी टेस्टरच बिघडला नाही, याची ही खात्री.

पिवळ्या फेजचा बोल्ट दोन बोटांनी फिरतो. तांब्याच्या बसबारवर ॲल्युमिनियमचा लग थेट बसवलेला, मधे बायमेटल काही नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतं. रोज दुपारी फुगायचं, रात्री आकसायचं, असं होत होत जोड ढिला पडतो. लगचा रंग उडालाय, स्प्रिंग वॉशर चपटा झालाय, केबलीचं इन्सुलेशन बोटभर करपलंय.

इन्सुलेशन तपासायला मेगरनं ५०० व्होल्ट डीसी सोडायच्या आधी दुकानादुकानांतले प्लग काढायला लावतात, नाहीतर त्यांतली इलेक्ट्रॉनिक्स उडतील. साडीच्या दुकानाची एक लाईन ०.४ मेगओहम दाखवते. निदान १ तरी हवा. मागच्या खोलीत कूलर प्लगमध्ये तसाच राहिलाय. तो काढला की आकडा ६० च्या वर. पंपाची वायर पाण्यात भिजलेली, तीन पिनची केबल कापून दोन पिनचा टॉप लावलेला, अर्थ वायर लोंबतेय. कूलर लोखंडी. मॅडम बोर्ड उघडतात. करंट गळताच लाईन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी आहे, पण त्याच्या डोक्यावरून वायर टाकून तो बायपास केलाय.

"सारखा ट्रिप होत होता जी," मालक म्हणतात. "दिवसातून चार-चार खेपा."

"तो कूलरमुळंच होत होता, भाऊ. तो आपलं काम करत होता." मॅडमचा आवाज चढलाय. मलाही राग येतोय. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं मरतात आणि इथं वाचवणारं यंत्रच कटकट म्हणून बाजूला सारलंय. काका बायपासची वायर तिथंच काढतात, कूलरचा टॉप कापून मालकांच्या हातात देतात. मालक काही बोलत नाहीत, नोकराला तीन पिनचा टॉप आणायला धाडतात.

नवा बायमेटल लग, टॉर्क पान्यानं आवळलेला बोल्ट, पुन्हा मेन. एसी सुरू झाल्यावर काही वेळानं पिवळा फेज ५३ वर स्थिर होतो.

सेक्रेटरींना रिपोर्ट आजच हवाय. मॅडम तो पॅनेलच्या दारावर टेकवूनच लिहितात. न्यूट्रल बदलणे, डक्टमधली भोकं बुजवणे, आणि चौथ्या मजल्यासमोर 'तपासणी झाली नाही'.

"तिथं ओके लिहून टाका ना मॅडम, बाकी सारं तर पाहिलंच तुम्ही."

"पाहिलं नाही ते ओके कसं लिहू? रविवारी सकाळी सातला येतो आम्ही. क्लासवाल्यांना आजच सांगून ठेवा."