‘नाव कटलं’: पलटणीतला एक शब्द

मंडळी, चवदार तळ्याच्या काठी बसून आज आपण पलटणीतला एक शब्द समजून घेऊ. शिपायाला नोकरीतून मोकळं केलं, की बरॅकीत म्हणतात, ‘नाम कट गया’. मराठी शिपायाच्या तोंडी त्याचं होतं ‘नाव कटलं’. पगार, शिधा, पेन्शन, सगळं पटावरच्या नावावर चालतं. त्या नावावर रेघ ओढली, की माणूस पलटणीचा राहिला नाही. शब्द हिंदुस्थानी, कारण छावणीची बोली तीच. आपणही म्हणतोच ना, ‘शाळेतून नाव कमी केलं’? तीच कल्पना.

आता फरक बघा. ‘पेन्शनीत निघाला’ म्हटलं, की नोकरी पुरी झाल्याचं कळतं. ‘नाव कटलं’ एवढंच सांगतं, की संबंध तुटला. का तुटला, ते विचारावं लागतं.

महाड-दापोलीकडे महार पेन्शनरांची घरं बरीच होती. इथल्याच रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पलटणीतून निवृत्त झाले. पुढं १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं ‘लढाऊ जाती’ ठरवल्या आणि महारांची भरतीच थांबवली. म्हणजे पटावर नाव चढण्याची वाटच बंद. वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११वी महार पलटण उभी राहिली. लढाई संपली, गरज सरली, १९२१ मध्ये ती मोडली. अख्ख्या पलटणीचं नाव कटलं!

यात पगार गेलाच, पण पलटणीतली शाळाही गेली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी अशाच शाळेत शिकवत. १९ मार्च १९२७ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लष्कराची वाट बंद झाल्यानं झालेलं नुकसान मांडलं. दुसऱ्या दिवशी सगळे या तळ्यावर आले. तळं खुलं असल्याचा पालिकेचा ठराव १९२४चाच होता. हक्क कागदावर होता, पण ओंजळीत पाणी नव्हतं.

१ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली आणि नाव पुन्हा पटावर चढलं.

तेव्हा घरात कुणी ‘पणजोबांचं नाव कटलं’ म्हणालं, तर तिथंच थांबू नका. विचारा: पेन्शनीत निघाले, की पलटणच मोडली? त्या उत्तरात तुमच्या घराचा इतिहास आहे.