टी आणि चहा: माहेर एकच

बेळगावच्या वडगावात टपरीवर कुणी ‘दोन चा दे रे’ म्हणतो, शेजारचा ‘चहा कुडीरी’ म्हणत कन्नडमधून आग्रह करतो. मात्र बेंगळुरूच्या हॉटेलात तोच पेला ‘टी’ होतो. या दोन शब्दांचं मूळ एकाच देशात आहे, चीनमध्ये.

चिनी लिपीत चहासाठी एकच अक्षर आहे, उच्चार मात्र प्रांतागणिक बदलतो. मँडरिन आणि कँटनीज बोलणारे ‘चा’ म्हणतात. फुजियान किनाऱ्यावरच्या शियामेनकडची बोली ‘ते’ म्हणते. पुढे काय झालं, ते व्यापाराने ठरवलं. मकाऊत ठाण मांडलेल्या पोर्तुगीजांनी ‘चा’ उचलला. खुष्कीच्या मार्गाने तो इराणात ‘चाय’ झाला, रशियातही तसाच पोहोचला. सतराव्या शतकात डचांनी ‘ते’ जहाजांतून युरोपात नेला आणि इंग्रजांनी तो घेतला. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने 25 सप्टेंबर 1660 च्या रोजनिशीत आपण हे चिनी पेय मागवल्याची नोंद केली आहे. तेव्हा इंग्रज ‘टे’ म्हणत. ‘टी’ हा उच्चार नंतर रूढ झाला.

म्हणजे इंग्रजी शिकणारा चिनी विद्यार्थी ‘टी’ पाठ करतो, तेव्हा तो आपल्याच देशातला शब्द परक्याकडून शिकत असतो! गंमत म्हणजे इंग्रजांनी ‘चा’ही सोडला नाही. त्यांच्या बोलीभाषेत चहाला ‘चार’ असाही शब्द आहे. हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या पलटणींनी तो रुळवला.