एक दिवस थांबण्याचा

पहाटे पाचच्या सुमारास वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेलात, तर अंधारात धावणारी मुलेमुली दिसतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करीत असतो, कोणी सैन्यभरतीची. पोलीस भरतीत मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. काही सेकंदांवर गुण ठरतात आणि त्या गुणांवर घरादाराच्या आशा. म्हणून एक दिवसही खाडा करायचा नाही, असा या मुलांचा हट्ट असतो.

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा असाच धावायचा. सहा महिने एकही दिवस चुकला नाही. आधी नडगी दुखू लागली. तेल चोळून तो धावत राहिला. मग झोप उडाली, जेवण कमी झाले, आईवर उगाच खेकसू लागला. धावण्याची वेळ सुधारण्याऐवजी वाढत गेली, म्हणून त्याने सराव आणखी वाढवला. भरतीला तीन आठवडे उरले असताना नडगीच्या हाडाला बारीक चीर गेल्याचे निघाले. थकवा ओळखायला त्याला कुणी शिकवलेच नव्हते. आम्ही शेजारीपाजारी तर रोज ‘शाब्बास’ म्हणत होतो.

आपला समज असा, की धावताना ताकद वाढते. खरे तर धावताना ती खर्च होते. स्नायूंचे धागे बारीक बारीक तुटतात, त्यांतला साखरेचा साठा संपत येतो, हाडांवर ताण पडतो. ही सारी डागडुजी शरीर विश्रांतीत करते, विशेषतः झोपेत. आणि करताना पहिल्यापेक्षा थोडे अधिक मजबूत बांधते. हे बांधकाम पुरे होण्याआधीच रोज घाव घातला, तर शरीर मजबूत होण्याऐवजी खचत जाते.

मग साधा थकवा कोणता आणि धोक्याचा कोणता? पाय जड झाले, पण रात्री गाढ झोप लागली, भूक लागली आणि एक-दोन दिवसांत हुरूप परत आला, तर तो चांगला थकवा. पण नेहमीच्याच वेगाला जास्त धाप लागते, झोप तुटक होते, चिडचिड वाढते, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही, दुखणे एकाच जागी बोट ठेवून दाखवता येते, तेव्हा शरीर थांबा म्हणत असते. मुलींची पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर तीही सूचनाच. ती लाजेने लपवू नये, डॉक्टरांना दाखवावे. एक सोपा उपाय आहे. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मिनिटभर नाडी मोजून वहीत लिहावी. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त, असे सलग दोन-तीन दिवस दिसले, तर सराव कमी करावा.

उन्हाळ्यात तर अधिक जपावे. विदर्भाचे ऊन आपल्याला नवे नाही. धावताना डोके गरगरले, मळमळले, बोलणे अडखळू लागले, तर तिथल्या तिथे थांबावे. सोबत्यांनी त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे आणि दवाखाना गाठावा. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुणांचे जीव गेले. त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले.

तरीही एक अडचण उरतेच. थकलेल्या माणसाला आपला थकवा सर्वांत शेवटी कळतो. म्हणून विश्रांतीचा दिवस आधीच ठरवून ठेवावा. याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. 1936 मध्ये सेवाग्रामला येऊन राहिलेले गांधीजी त्याआधी, 12 मार्च 1930 रोजी, साबरमतीहून दांडीला पायी निघाले होते. वय साठीपलीकडचे, अंतर सुमारे 385 किलोमीटर. घाई किती असेल! साऱ्या देशाचे डोळे त्यांच्याकडे लागलेले. तरी वाटेतले सोमवार मुक्कामाचे होते. सोमवार हा त्यांचा मौनाचा दिवस. त्या दिवशी पायांनाही सुट्टी. पहिला सोमवार, 17 मार्च, आणंदला गेला. यात्रा त्यामुळे अडली नाही. 5 एप्रिलला ते दांडीला पोचले.

आमच्याकडे रमजानात आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. राहिलेला रोजा नंतर ठेवता येतो. शरीराची मर्यादा धर्मानेही मानली आहे. मग धावणाऱ्या पोराने ती मानली, तर त्यात कमीपणा कसला?

आमच्या मोहल्ल्यातला तो मुलगा बरा होऊन पुन्हा धावू लागला आहे. पुढच्या भरतीत काय होईल, ते मी कसे सांगू? पण त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आता दर शुक्रवारी एक फुली असते. त्या दिवशी तो उशिरापर्यंत झोपतो आणि त्याची आई त्याला उठवत नाही.