विषाद, मालेखोलिया आणि एफ ३२ : खिन्नतेच्या रोगाचीं नांवें व अंक

(१)

रोगाचें नांव वाचतां आलें म्हणजे रोग समजला असें होत नाहीं, हें वैद्यकाच्या पोथ्या हाताळणारांस अनुभवानें ठाऊक असतें. खिन्नतेच्या रोगासंबंधीं तर हें विशेषच खरें आहे. एक ग्रंथकार विषाद म्हणतो, दुसरा आधिज उन्माद म्हणतो, हकीम मालेखोलिया म्हणतो. आणि आजच्या सरकारी दवाखान्यांतील कागदावर पुष्कळदां नांवाऐवजीं ‘एफ ३२.१’ एवढा अंकच आढळतो. हा अंक कोठून आला, त्यांत काय सांठविलेलें असतें आणि काय गळून जातें, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करावयाचें आहे. आजचा केसपेपर हा उद्यांचा ऐतिहासिक कागद होय. तो वाचण्याची किल्ली आजच लिहून ठेवणें इष्ट आहे.

विवेचनासाठीं हिंगोली जिल्हा समोर ठेविला आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. परंतु हिंगोली, सेनगांव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ या त्याच्या पांच तालुक्यांचा मुलूख प्रथम देवगिरीच्या यादवांकडे व पुढें दीर्घकाळ निजामाकडे होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला व १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. सत्तेबरोबर दप्तराची भाषा बदलली आणि भाषेबरोबर रोगांचीं नांवेंही बदललीं. एकाच मुलखांत चार परिभाषांचा थर एकावर एक बसलेला असल्यामुळें आमच्या विषयास हें क्षेत्र सोईचें आहे.

(२)

रोगांची मोजदाद करून त्यांस ठरलेलें स्थान देण्याची कल्पना केवळ पाश्चात्यांची आहे असें मानण्याचें कारण नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, विसाव्या अध्यायांत, वाताचे ८०, पित्ताचे ४० व कफाचे २० असे १४० विकार नांवानिशीं मोजले आहेत. वाताच्या ८० विकारांत ‘विषाद’ आहे, आणि निद्रानाश व चित्ताची अस्थिरता हीं त्याच्या शेजारींच आलीं आहेत. विकार वस्तुतः अगणित असून येथें ठळक तेवढेच सांगितले, असाही खुलासा ग्रंथकारानें केला आहे. त्यापूर्वींच्या अठराव्या अध्यायांत तर, एखाद्या विकारास नांव देतां आलें नाहीं म्हणून वैद्यानें लाजूं नये, कारण सर्वच विकारांस ठरीव नांवें नसतात, असा अभिप्राय आहे. यादी करणारानेंच यादीची मर्यादा सांगून ठेवावी, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें माधवकरानें ‘रोगविनिश्चय’ म्हणजेच माधवनिदान रचलें. त्याचीं प्रकरणें ६९. त्यांत उन्मादाचें प्रकरण विसावें, अपस्माराचें एकविसावें व त्यामागून वातव्याधीचें. हाच रोगक्रम वृंदानें आपल्या सिद्धयोगांत व चक्रपाणिदत्तानें आपल्या चिकित्साग्रंथांत उचलला. निदान एका पोथींत पाहावें आणि त्याच क्रमानें दुसऱ्या पोथींत औषध काढावें, अशी सोय यामुळें झाली. आजच्या अंकपद्धतीचा व्यावहारिक हेतु याहून फारसा निराळा नाहीं. संग्राहकांसही या क्रमाचा उपयोग आहे : सुटीं पानें हातीं आलीं आणि उन्मादामागें अपस्मार, अपस्मारामागें वातव्याधि असा क्रम दिसला, तर तीं पानें माधवाच्या परंपरेंतील ग्रंथाचीं असण्याचा संभव प्रथम तपासावा.

आमच्या विषयास सर्वांत जवळचा उतारा मात्र अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत, सहाव्या अध्यायांत आहे. या ग्रंथावर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें ‘आयुर्वेदरसायन’ नांवाची टीका लिहिली, हें वाचकांस विदितच आहे. तेथें उन्मादाचे सहा प्रकार सांगितले आहेत : तीन दोषांचे तीन, सन्निपाताचा एक, विषाचा एक, आणि आधीपासून म्हणजे मानसिक दुःखापासून होणारा एक. या आधिज प्रकाराचें वर्णन असें कीं, धन किंवा प्रियजन यांच्या असह्य नाशानें मनुष्य निस्तेज व दीन होतो, हाय हाय करतो, अकस्मात् रडतो, गेलेल्याचे गुण घोकीत बसतो, रात्रीं जागा राहतो. त्यावर उपायही तसाच सांगितला आहे : जें गेलें त्यासारखें दुसरें मिळवून द्यावें, सांत्वन करावें, धीर द्यावा. म्हणजे या नांवाच्या पोटांत रोगाचें कारण होतें आणि कारणाच्या पोटांत उपाय होता.

तथापि आधिज उन्माद म्हणजेच आजचें डिप्रेशन असें समीकरण मांडूं नये. उन्माद या एका शब्दाखालीं बडबड, हास्य, नृत्य, क्रोध अशीं अगदीं उलट लक्षणेंही येतात; आणि चरकाचा विषाद हा वाताच्या यादींतील एक विकार आहे, त्याचें सविस्तर निदान तेथें नाहीं.

(३)

निजामाच्या राज्यांत युनानी वैद्यकास राजाश्रय होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फारसीची जागा दरबारी भाषा म्हणून उर्दूनें घेतली. हकिमांच्या परिभाषेंत या रोगास मालेखोलिया म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ काळें पित्त. त्यालाच युनानींत सौदा म्हणतात. इंग्रजी वैद्यकांतील मेलँकोलिया हा याच शब्दाचा दुसरा अवतार होय. एक शब्द अरबी-फारसी मार्गानें व एक इंग्रजी मार्गानें, असे दोन सख्खे भाऊ मराठवाड्याच्या दप्तरांत भेटण्याचा संभव आहे. निजामाच्या राज्याचें वेड्यांचें इस्पितळ जालना येथें होतें व १९५३ सालीं तें हैदराबादेस हलविण्यांत आलें; मराठवाड्यांतील मनोरुग्णांचे कागद धुंडाळणारानें हें स्थलांतर ध्यानांत ठेवावें.

इंग्रजी मुलखांतील इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत रोग्यांची वांटणी मेनिया, मेलँकोलिया, डिमेन्शिया अशा मोजक्या सदरांत करीत, आणि शेजारीं कारणाचा रकाना असे. हा रकाना जपून वाचला पाहिजे. १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशननें गांजामुळें वेड लागल्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हां असें आढळलें कीं, पुष्कळ ठिकाणीं ‘गांजा’ हें कारण वैद्यकीय चौकशीनें ठरलेलें नसून रोग्याबरोबर आलेल्या पोलिसी कागदावरून उतरून घेतलेलें होतें. छापील कोष्टक हें मूळ चौकशीहून अधिक विश्वसनीय दिसतें. परंतु रकाना कोणी व कशावरून भरला हें कळेपर्यंत त्यास पुरावा म्हणतां येत नाहीं.

(४)

आतां आजच्या अंकाकडे वळूं. १८९३ सालीं आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेच्या शिकागो येथील अधिवेशनांत जाक बर्तियों या फ्रेंच पंडितानें मृत्युकारणांची एक यादी मांडली. १९०० सालीं पॅरिस येथें तिचें पहिलें संशोधन झालें. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हें काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आलें, आणि त्याच आवृत्तींत मनोविकारांस प्रथम स्वतंत्र विभाग मिळाला. दहावी आवृत्ति १९९० सालीं संमत झाली. अकरावी २०१९ सालीं संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली, तरी दहावीचे अंक पुष्कळ ठिकाणीं अद्यापि प्रचारांत आहेत.

दहाव्या आवृत्तींत ‘एफ’ हें अक्षर मनोविकारांचें असून एफ ३० ते एफ ३९ हे भावस्थितीचे विकार होत. एफ ३२ म्हणजे खिन्नतेचा एकच झटका, एफ ३३ म्हणजे पुनःपुन्हां येणारे झटके, एफ ३४.१ म्हणजे वर्षानुवर्षें रेंगाळणारी सौम्य खिन्नता. रोग्यास पूर्वीं उन्मत्त अवस्था येऊन गेली असेल, तर तोच रोगी एफ ३१ खालीं जातो. म्हणून एकाच मनुष्याच्या दोन सालांच्या कागदांवर दोन अंक दिसले तर तेवढ्यावरून लेखनप्रमाद समजूं नये.

बिंदूनंतरचा आंकडा तीव्रता दाखवितो. मुख्य लक्षणें तीन : मनाची खिन्नता, कशांतही गोडी न वाटणें, आणि थकवा. इतर लक्षणें सात : चित्त एकाग्र न होणें, स्वतःविषयीं हीनभाव, अपराधाची भावना, भविष्य अंधारें दिसणें, आत्मघाताचे विचार, झोंप बिघडणें, भूक मंदावणें. सामान्यतः हीं दोन आठवडे टिकावीं लागतात. दोन मुख्य व दोन इतर लक्षणें असतां सौम्य, अंक एफ ३२.०, दोन मुख्य व तीन-चार इतर असतां मध्यम, एफ ३२.१, तीनही मुख्य व निदान चार इतर असतां तीव्र, एफ ३२.२, त्यांतच भ्रम किंवा भास असले तर एफ ३२.३. तपशील नसेल तर एफ ३२.९. हा शेवटचा अंक म्हणजे चरकाच्या त्या सूचनेचाच आधुनिक अवतार म्हणावयाचा. अकराव्या आवृत्तींत एका झटक्यास ६ए७० व पुनरावृत्तीस ६ए७१ असे अंक आहेत.

हे अंक केवळ कारकुनी सोईचे राहिलेले नाहींत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमानें, मनोरोग ठरवितांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यतेचीं वैद्यकीय प्रमाणें पाळावीं असें बंधन घातलें आहे, व त्यांत या यादीच्या अद्ययावत आवृत्तीचा उल्लेख आहे. इकडे आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या रोगनामांसही भारत सरकारनें २०१७ सालीं अंक देऊन ‘नमस्ते’ या नांवानें तीं प्रसिद्ध केलीं, आणि १० जानेवारी २०२४ रोजीं दिल्ली येथें या तीन पद्धतींचें प्रकरण आंतरराष्ट्रीय यादीच्या अकराव्या आवृत्तीस जोडलें गेलें. पोथींतील नांव व इस्पितळांतील अंक आतां एकाच यादीच्या दोन प्रकरणांत आले आहेत. तीं एकमेकांचे पर्याय झालीं, असा मात्र याचा अर्थ नव्हे.

(५)

आतां मुख्य मुद्दा. कयाधूच्या कांठच्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याचें सोयाबीन गेलें, कर्ज थकलें, आणि तो खचला असें धरून चालूं. तो दवाखान्यांत जाऊन ‘मला नैराश्य आलें’ असें सहसा म्हणत नाहीं. झोंप लागत नाहीं, अंगांत त्राण नाहीं, कशांत मन लागत नाहीं, घोर लागला आहे, असें म्हणतो. अष्टांगहृदयाच्या वैद्यानें त्यास धननाशानें झालेला आधिज उन्माद म्हटलें असतें. नवव्या आवृत्तीच्या काळीं २९८.० किंवा ३००.४ या अंकांत, प्रसंगानें उद्भवलेली किंवा मनःसंघर्षजन्य खिन्नता, असा कारणाचा कांहीं अंश शिल्लक होता. दहाव्या आवृत्तीनें हा भेद जवळजवळ काढून टाकला. लक्षणें पुरीं असतील तर कारण कांहींही असो, अंक एफ ३२ च. आर्थिक विपत्तीसाठीं झेड ५९ असा निराळा अंक आहे. पण तो जोडीस लिहिला तरच उरतो.

या बदलास सबळ कारण होतें. दुःखाचें कारण समजण्याजोगें आहे म्हणून रोगाकडे दुर्लक्ष होऊं नये, आणि दोन डॉक्टरांचें निदान जुळावें, हा लाभ लहान नव्हे. परंतु एफ ३२.२ हा अंक मनुष्य किती खोल बुडाला हें सांगतो; कशांत बुडाला हें सांगत नाहीं. शंभर वर्षांनीं केवळ अंकांची वही हातीं आली, तर त्या सालीं पाऊस पडला होता कीं नाहीं हें तींतून कळणार नाहीं.

मृत्यूच्या नोंदींत तर ही गळती अधिक होते. कीटकनाशक पोटांत जाऊन मृत्यु आल्यास तीन अंक संभवतात : अपघातानें घेतलें तर एक्स ४८, जाणूनबुजून घेतलें तर एक्स ६८, हेतु ठरला नाहीं तर वाय १८. औषध एकच, मृत्यु एकच, अंक तीन. आत्महत्येचा प्रयत्न हा दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाखालीं अपराध असल्यानें, आणि लोकलज्जेमुळेंही, आत्महत्येचा प्रकार अपघात म्हणून सांगण्याकडे नातलगांचा कल असे, हें सर्वश्रुत आहे. शिवाय नियम असा कीं, अशा मृत्यूचें मूळ कारण म्हणून बाह्य कारणाचाच अंक धरावयाचा. त्यामुळें जिवंतपणीं जडलेला एफ ३२ मृत्युकोष्टकांत दिसतच नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं मराठवाडा व विदर्भ यांतील १४ जिल्ह्यांसाठीं ‘प्रेरणा’ प्रकल्प काढून आशा कार्यकर्त्यांकरवीं खेडोपाडीं खचलेल्या शेतकऱ्यांचा शोध घेण्याची योजना केली, ती याच अदृश्य संख्येस जिवंतपणीं गांठण्यासाठीं होय.

(६)

वरील विवेचनावरून संग्राहकांस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, रोगाचें नांव किंवा अंक उतरून घेतांना तो कोणत्या यादीचा व कोणत्या आवृत्तीचा हें शेजारीं लिहावें. ‘३११’ हा आंकडा नवव्या आवृत्तींत खिन्नतेचा आहे, इतरत्र तो निरर्थक आहे. दुसरी, सूची करतांना मूळ शब्द जसाच्या तसा ठेवावा. विषाद किंवा मालेखोलिया खोडून त्या जागीं आजचा अंक घालूं नये, घालणेंच झाल्यास चौकटी कंसांत घालावा. तिसरी, अंकाबरोबर हकीकत असेल, म्हणजे रोग्याचे स्वतःचे शब्द, पिकाची किंवा कर्जाची नोंद, तर ती अंकाहून मोलाची समजून जपावी. चौथी व सर्वांत महत्त्वाची, हयात माणसांचे असे कागद रद्दींत मिळाले तरी ते प्रसिद्ध करूं नयेत. २०१७ च्या कायद्याच्या तेविसाव्या कलमानें मनोरुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि कायदा नसता तरी तें सभ्यतेस धरूनच झालें असतें.

यादी करणें हें शास्त्राचें काम आहे व तें आवश्यक आहे. यादींतून जें निसटतें तें टिपून ठेवणें हें आमचें, इतिहासाच्या अभ्यासकांचें, काम आहे. दोहींचे कागद एकत्र राहिले तरच हिंगोलीच्या एखाद्या खेड्यांतील माणूस कां खचला, याचें उत्तर पुढच्या पिढीस देतां येईल.