उठताना डोळ्यांपुढं अंधारी का येते? बीपीची गोळी बंद करण्याआधी हे वाचा

पहाटे लघवीला उठायचं, दोन पावलं टाकली की डोळ्यांपुढं अंधारी, मग भिंतीचा आधार. साठी ओलांडलेलं माणूस घरात असेल तर ही तक्रार नवी नाही. त्यावर घरोघरी निदानही ठरलेलं असतं, 'अशक्तपणा आलाय.' मग कुणी सलाईन लावून घेतं, कुणी बीपीची गोळी परस्पर बंद करतं. यातलं दुसरं जास्त धोक्याचं.

माणूस आडवा असताना मेंदू, हृदय आणि पाय जवळपास एका पातळीत असतात. उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांत उतरतं. हृदयाकडं परतणारं रक्त कमी होतं आणि दाब घसरतो. तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, कारण शरीर काही सेकंदांतच ते सावरून घेतं.

मानेत जिथं बोटाला नाडी लागते, तिथल्या रक्तवाहिनीच्या भिंतीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या कमानीतही ती असतात. दाब चढला की भिंत ताणते आणि मेंदूकडं भराभर संदेश जातात. दाब उतरला की संदेश विरळ होतात. ते विरळ झाले की मेंदू हृदयाचे ठोके वाढवतो आणि बारीक धमन्या आवळतो. हे आवळणं किती परिणामकारक? नळी अर्ध्या व्यासाची झाली तर त्याच दाबाला प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे धमनी जराशी आवळली तरी पुरतं.

मूत्रपिंडाचं काम सावकाशीचं. मीठ-पाणी शरीरात राखून ते रक्ताचं प्रमाण सांभाळतं, पण त्याला तास-दिवस लागतात. जुलाब-उलट्यांनंतर किंवा उन्हात राबून पाणी कमी पडल्यावर उठताना गरगरतं ते म्हणूनच. खानापूरकडं भात लावणीला दिवसभर वाकून काम करणाऱ्यांना कंबर सरळ करताना येते तीही बऱ्याचदा हीच घेरी.

वय वाढतं तशी धमन्यांची लवचिकता जाते आणि ही यंत्रणा मंदावते. जुन्या मधुमेहात संदेश नेणाऱ्या नसाच बिघडतात. त्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि प्रोस्टेटवरची काही औषधं भर घालतात. बीपीची गोळी एका डॉक्टरकडची, प्रोस्टेटची दुसऱ्याकडची, आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नाही, असंही होतं. सगळ्या गोळ्यांची पिशवीच सोबत न्यावी.

दवाखान्यात बीपी बहुतेक वेळा बसवूनच बघतात, त्यात हा दोष सापडत नाही. पाच मिनिटं झोपवून एकदा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायला सांगावं. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नं उतरला तर डॉक्टर गोळीची मात्रा किंवा वेळ बदलू शकतात. मनानं गोळी सोडली की दाब पुन्हा चढतो, आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

उठताना आधी काठावर मिनिटभर बसावं, पाय हलवावेत. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. झेंडावंदनाला ताठ उभी राहिलेली पोरं कोसळतात त्याचं एक मोठं कारण हेच, पोटऱ्या हलतच नाहीत.

कुणी घेरी येऊन पडलंच तर लोक आधी त्याला धरून बसवतात, कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. बसवू नये. आडवं ठेवून पाय थोडे वर करावेत, म्हणजे रक्त मेंदूकडं परततं. मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर ही साधी घेरी नव्हे, गाडी काढून थेट हॉस्पिटल गाठावं.