भातखाचरावरची ‘झिट झिट’

तंजावर म्हटले की मराठी माणसाला भोसले राजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. पण शहर मागे टाकून कावेरीच्या फाट्यांमधल्या गावांत शिरले, की दोन्ही बाजूंना नुसते भात आणि भातच. याच भातावर एक इवलासा तपकिरी पक्षी आकाशात झोके घेत उडत असतो. प्रत्येक झोक्याला एकदा ‘झिट’! न्हाव्याची कात्री चालावी तसा आवाज. इंग्रजीतले ‘झिटिंग सिस्टिकोला’ हे नाव त्यावरूनच पडले.

लांबी जेमतेम १० सेंटिमीटर, वजन १० ग्रॅमच्या आसपास. भातात वटवट्याही असतात, त्यामुळे नवख्याची गफलत ठरलेली. अशा वेळी आधी शेपूट पाहावे. वटवट्याची लांब, सडपातळ. याची आखूड, टोकाला पांढरी आणि उडताना पंख्यासारखी पसरणारी. वटवट्याची पाठ साधी, तर याच्या पाठीवर काळसर रेघोट्या.

नर एवढा गाजावाजा करतो खरा, पण खरी गोष्ट खाली दडलेली असते. जमिनीपासून हात-दीड हातावर गवताची किंवा भाताची जिवंत पाती कोळ्याच्या जाळ्याने बांधून तो बाटलीसारखे खोल घरटे उभारतो. आत कापसासारखे मऊ अस्तर घालते ती मादी. अंडी-पिलांचा बहुतेक भारही तिच्यावरच, कारण नरराज तोवर दुसऱ्या घरट्याच्या खटपटीला लागलेले असतात!

अंडी घातल्यापासून पिले उडेपर्यंत साधारण चार आठवडे लागतात. पाती हिरवी असल्याने घरटे सहसा दिसत नाही, पण तीच पाती कापली गेली की सारे संपले. मेट्टूर धरणातून साधारणतः जूनमध्ये पाणी सुटते आणि ‘कुरुवै’ हे कमी दिवसांचे पीक उभे राहते. त्यात उशिरा बांधलेल्या घरट्याची गाठ थेट कापणीयंत्राशी पडते. शिवाय पिलांचे पोट भरते किड्यांवर, म्हणून फवारणीही त्यांच्या मुळावर येते. कापणीनंतरही बांधावरचे गवत शिल्लक राहिले, तर मादीला पुन्हा संसार मांडायला जागा मिळते.

विणीचा हंगाम सरला की नराची कात्री थांबते. मग पक्षी दिसतो तो बांधावरून चालताना पायाजवळून भुर्रकन उडाला तरच. चार-सहा हात जाऊन, शेपूट पसरून, पुन्हा गवतात गडप!